दोन्ही काटे लाल रेघेवर

खालचं पॉवर हाउस,
९ जानेवारी

साडूभाऊ,

नमस्कार. पुढे विनंती विशेष लिहायची पद्धत आहे, पण विनंती करण्याच्या मनःस्थितीत मी नाही, आणि विशेष म्हणाल तर तुमचा आळस. तक्रार करायला लिहितोय. बसून वाचा.

गेले काही आठवडे माझ्या मशीनचा अँपियरचा काटा लाल रेघेला नाक लावून उभा आहे. मशीनच्या अंगावर हात ठेवला तर चटका बसतो. फील्डच्या वाइंडिंगमधून वार्निशचा वास यायला लागलाय. हा वास मी ओळखतो आणि मला तो आवडत नाही. बॉयलरवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, कोळसा नेहमीइतकाच जातोय. मग हा जास्तीचा करंट कुणाचा? एका लाइनीवर आपली दोन मशिनं जोडलेली, तुमचं वर धरणापाशी आणि माझं इथे शहराच्या कडेला. माझ्यावर जास्त पडतंय म्हणजे तुमच्यावर कमी पडतंय, हे कळायला पदवी लागत नाही.

सासुरवाडीला जमलो की ताटावर सगळ्यात आधी कोण बसतं आणि बाजारात जायची वेळ आली की नेमकी कुणाची पाठ धरते, यावर मी आजवर एक शब्द बोललो नाही. घरात चालून जातं. पण पॉवर हाउसात हे चालवून घेणार नाही!

हेड ऑफिसचं परिपत्रक तुमच्याकडेही आलं असेल. प्रत्येकाने आपल्या बोर्डावर बरोबर अकरा हजार व्होल्ट राखायचे. मी राखतो. काटा घसरला की फील्डचं चाक फिरवून वर आणतो. तुमच्या बायकोला पत्र वाचून दाखवणार असाल (आणि दाखवाच), तर तिला सांगा की फील्ड म्हणजे मशीनच्या पोटातल्या चुंबकाचा जोर. चाक फिरवलं की जोर वाढतो आणि व्होल्ट वाढतात. तर मी दिवसभर ते चाक फिरवत बसलोय, कारण काटा सारखा खाली येतो. त्याला खाली ओढणारं वर कोणीतरी आहे.

आपला वाटा उचला. कळावे. लोभ आहे तेवढा सध्या पुरे.

तुमचा,
थोरला साडू

*

वरचं पॉवर हाउस,
१५ जानेवारी

थोरले साडूबुवा,

पत्र पोचलं. बसूनच वाचलं ते बरं झालं, उभ्याने वाचलं असतं तर कशाला तरी लाथ बसली असती.

मी वाटा उचलत नाही? माझा अँपियरचा काटा बघायला या एकदा. तोही लाल रेघेवरच आहे. मशीन असं घुमतंय की शेजारच्या खोलीतला पेला टेबलावरून सरकतो. खरं सांगू? हे सगळं तुमच्यामुळे होतंय अशी माझी पक्की खात्री होती. लिहिणार होतो, पण वयाचा मान राखून मूग गिळून बसलो. तुम्हाला असल्या अडचणी येत नाहीत, हे आता कळलं.

दोघांना भार वाटून देणारे कंट्रोलवाले जेवढे किलोवॅट सांगतात तेवढे मी देतो. एक कमी नाही. व्होल्टचं म्हणाल तर तुमच्या बरोबर उलट. माझा काटा अकरा हजाराच्या वर वर पळतो. मी फील्ड कमी करून त्याला खाली आणतो, तासाभरात तो पुन्हा वर. तुम्ही तिकडून ढकलताय आणि वर मलाच विचारताय की कोण ओढतंय. याला काय म्हणायचं?

त्यात आमचं हे नवं बोर्ड. त्यावर पॉवर फॅक्टरचं एक मीटर बसवलंय. करंट व्होल्टच्या मागे चालतोय की पुढे, ते दाखवतं. आपल्यासारख्या लाइनीवर तो थोडा मागेच असायला हवा. या मीटरचा काटा बसवल्यापासून पुढच्या बाजूला आडवा. कंत्राटदाराच्या माणसाने तारा उलट्या जोडल्या असणार, दुसरं काय. त्याच्यावर मी कागद चिकटवलाय, ‘बिघडलेले, बघू नये’. फिटर मागवलाय, तो काही येत नाही.

एक गोष्ट मात्र रागाने लिहीत नाही. मार्चअखेरीस मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. हे घर ऑफिसचं आहे. नोकरी गेली की त्याच दिवशी किल्ली द्यायची. तुमच्या मेहुणीला पाचवा महिना लागलाय. तेव्हा माझ्याबद्दल जे बोलायचं ते मला बोला, हवं तेवढं बोला, पण बाहेर बोलू नका. एवढी मात्र विनंती, आणि विशेषही तेच.

तुमचा,
धाकटा साडू

ता.क. पाठ खरंच धरते. डॉक्टरांचा कागद आहे.

*

खालचं पॉवर हाउस,
२४ जानेवारी

साडूभाऊ,

मला बनवायला निघालात? दोघांवरही जास्त! शहर तेवढंच, दिवे तेवढेच, गिरण्या तेवढ्याच, आणि दोघांचे काटे लाल रेघेवर? मग तो करंट जातो कुठे, तलावात? वीस वर्षं मी हे मशीन चालवतोय. माझ्या बोर्डावरचं व्होल्टमीटर मशीनबरोबर आलंय, पितळी कड्याचं, आजवर एकदा चुकलेलं नाही. दरवर्षी हेड ऑफिसचा माणूस तपासून चिठ्ठी लावून जातो. तुमच्या त्या नव्या बोर्डावर एक मीटर उलटं आहे असं तुम्हीच लिहिता. मग बाकीची सुलट कशावरून?

आता शिकवायची वेळ आलीच आहे तर नीट ऐका. फील्डशी खेळून भार उचलला जात नाही. मी चाक फिरवलं म्हणून माझे किलोवॅट वाढणार नाहीत आणि तुम्ही फिरवलं म्हणून तुमचे वाढणार नाहीत. किलोवॅट येतात माझ्याकडे वाफेतून आणि तुमच्याकडे पाण्यातून. भार घ्यायचा असेल तर पाणी उघडा! झडप आणखी उघडा, तुमचं मशीन जोर लावेल आणि माझ्यावरचा कमी होईल. कंट्रोलवाल्यांशी मी बोललोय. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळच्या भाराचा मोठा हिस्सा तुमच्याकडे.

बाकी काळजी नसावी. घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे हे मलाही कळतं. म्हणून तर तुम्हालाच लिहितोय.

थोरला साडू

भाऊजी, खाली थोडी जागा उरलीय ती माझी. हे दोन आठवडे घरात फक्त तुमच्या काट्याबद्दल बोलतायत. धाकटीला सांगा, लोकर पाठवतेय, पिवळी. तिला रंग आवडला नाही तरी आवडला म्हणावं. – ताई

*

वरचं पॉवर हाउस,
१९ फेब्रुवारी

साहेब,

साडू म्हणवत नाही, म्हणून साहेब.

मी तुमचं ऐकलं. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी चूक. बुधवारी दिवे लागायच्या वेळेला तुमच्या कंट्रोलवाल्यांनी सांगितलं तसं पाणी वाढवलं. किलोवॅट वाढले. अँपियरचा काटा लाल रेघ ओलांडून गेला. व्होल्ट अकरा हजाराच्या वरच होते, म्हणून परिपत्रकाप्रमाणे फील्ड आणखी उतरवलं. मशीन गुरगुरायला लागलं आणि बघता बघता बोर्डावरचे सगळे काटे एकदम डोलायला लागले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. माझं मशीन तुमच्याशी असलेली पकड सोडून सुटं धावलं, ब्रेकर पडला, झडप हाताने बंद करेपर्यंत माझ्या मदतनिसाचे तळवे सोलून निघाले. एकट्या तुमच्या मशीनला सगळं शहर पेलेना, तेही बसलं. दोन तास अंधार. पाण्याचे पंप बंद. ताई ज्या दवाखान्यात काम करतात तिथे डॉक्टरीणबाईंनी कंदिलाच्या उजेडात टाके घातले म्हणे.

आज मला आरोपपत्र मिळालं. ‘फील्ड मुद्दाम कमी ठेवून मशीन कमजोर केले व आपल्या वाट्याचा भार टाळला.’ कामावरून बाजूला केलंय. चौकशी होईल, मग निकाल, मग किल्ली. आणि या आरोपाला आधार काय? ‘खालच्या पॉवर हाउसच्या प्रमुखांची दि. २२ जानेवारीची लेखी तक्रार’!

बावीस! घरातली गोष्ट घरात राहिली पाहिजे असं तुम्ही मला चोवीस तारखेला लिहिलंत. तेव्हा ती दोन दिवसांची झाली होती आणि हेड ऑफिसच्या टेबलावर पाय पसरून बसली होती. मी तुम्हाला काय मागितलं होतं? एकच गोष्ट मागितली होती. शिव्या द्या म्हटलं होतं, तोंडावर द्या म्हटलं होतं. तुम्ही वीस वर्षांच्या अनुभवाच्या गप्पा मारल्यात आणि पाठीमागून कागद सरकवलात.

तुमची मेहुणी सकाळपासून एकच काम करतेय. पिवळी लोकर विणतेय आणि उसवतेय.

पुन्हा पत्र पाठवू नका. आलं तर न फोडता परत करीन.

*

दवाखाना, रक्त तपासणी विभाग,
२५ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे म्हणून तुम्ही फोडलंत. पत्रही माझंच आहे, घाबरू नका. ऑफिसच्या टेबलावरून लिहितेय, घरी लिहिण्याची सोय नाही.

ती तक्रार यांनी केली हे मला तुमच्या पत्रातून कळलं. त्यावरून घरात जे झालं ते मी लिहीत नाही. शेजाऱ्यांना पाठ असेल, त्यांना विचारा. आता हे जेवत नाहीत आणि सुट्टीच्या दिवशीही पॉवर हाउसात जाऊन बोर्डासमोर बसतात. मला कीव आलेली नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर काढायला माझाच नवरा निघाला, त्याची कीव कशाला करू?

पण तुमच्यावरही माझा राग आहे. दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिलीत, सगळे आकडे लिहिलेत, आणि दोघांनीही वाचले फक्त टोमणे. यांची पत्रं टपालात जाण्याआधी मी वाचली होती, तुमची समोर ठेवून पुन्हा वाचली. मला तुमच्या मशीनमधलं काही कळत नाही, पण मोजणं ही माझी रोजची रोजीरोटी आहे. यांच्या बोर्डावर व्होल्ट सारखे कमी दिसतात, तुमच्या बोर्डावर सारखे जास्त. तार तर एकच आहे ना? आमच्याकडे एकाच रक्ताचे दोन यंत्रांवर दोन आकडे आले, तर आम्ही रोग्याला खोटारडा म्हणत नाही. एकच नमुना दोन्ही यंत्रांवर लावतो. तरी कळलं नाही तर तिसरं यंत्र आणतो. तुम्ही दोघं इतकी वर्षं शिकलात त्यात हे कुणी सांगितलं नाही?

तुमचं स्वतःचं, पेटीतलं व्होल्टमीटर आहे, धाकटी म्हणाली होती. सिमेंटचा लॉरीवाला सोमवारी खाली येतो, त्याच्याबरोबर पाठवा. मागायला तुमच्या साडूंना तोंड नाही, म्हणून मी मागतेय. त्यांच्यासाठी देऊ नका. माझ्यासाठीही नको. चौकशी तुमची आहे, तुमच्यासाठी द्या.

ताई

*

खालचं पॉवर हाउस,
८ मार्च

साडूभाऊ,

परत करायचं असेल तर करा, पण आधी फोडा.

मीटर मिळालं. बरोबर एक ओळही नव्हती. नको होती, माझी लायकी नव्हती.

माझं पितळी मीटर आणि तुमचं पेटीतलं, दोन्ही एकाच तारांवर शेजारी शेजारी लावली. माझा काटा अकरा हजार दाखवत होता. तुमचा अकरा हजार तीनशे. मी अर्थात तुमच्या मीटरला शिव्या घातल्या, सवयीने. मग तुमच्या ताईंचा हुकूम आठवला आणि तिसरं मीटर आणायला निघालो. सिनेमा थिएटरच्या मशीनवाल्याकडे चांगलं मीटर आहे. तो देईना, म्हणाला अंधारात पन्नास लोकांनी माझी कॉलर धरली होती, आधी त्याचा हिशेब. त्याची माफी मागितली, तेव्हा दिलं. ते तुमच्या मीटरशी तंतोतंत जुळलं.

साडूभाऊ, माझं मीटर खोटं बोलत होतं. खरे व्होल्ट जास्त असताना ते कमी दाखवत होतं आणि मी गाढवासारखं फील्ड चढवत होतो. तुमचं मीटर खरं होतं, त्यात व्होल्ट चढलेले दिसत होते, म्हणून तुम्ही फील्ड उतरवत होतात. दोघंही परिपत्रक पाळत होतो! एका मशीनचं फील्ड चढलेलं आणि दुसऱ्याचं उतरलेलं, अशी दोन मशिनं एका लाइनीवर असली की दोघांच्या मधे एक रिकामटेकडा करंट येरझाऱ्या घालायला लागतो. तो एक दिवा लावत नाही, एक गिरणी फिरवत नाही, त्याला कोळसा लागत नाही की पाणी लागत नाही. नुसत्या तारा तापवतो. आणि तो दोघांच्याही अँपियरमध्ये दिसतो. दोघांच्याही! तुम्ही खोटं बोलत नव्हतात. मीही बोलत नव्हतो. दोघंही तेच फुकटचं ओझं वाहत होतो आणि एकमेकांना कामचुकार म्हणत होतो.

गुरुवारी माझं फील्ड थोडं उतरवलं आणि तुमच्या जागी बसवलेल्या माणसाला फोनवर सांगून वरचं थोडं चढवायला लावलं. तो बिचारा विचारतो, चढवलं तर माझा अँपियर आणखी वाढेल ना? म्हटलं, चढव तर खरं. दोघांचेही काटे उतरले. तिकडे त्याचा, इकडे माझा, लाल रेघेपासून चांगले चार बोटं खाली. किलोवॅटचा काटा जागचा हलला नाही. बॉयलरवाला म्हणाला, काय केलंत?

तुमचं ते ‘बिघडलेले, बघू नये’ मीटर एकटंच खरं सांगत होतं. फील्ड कमी पडलेल्या मशीनचा करंट पुढेच चालतो. त्या माणसाला सांगून कागद काढायला लावलाय.

आता जे लिहायला जड जातंय ते. फील्ड म्हणजे मशीनची लाइनीवरची पकड. पकड ढिली असताना तुमच्यावर जास्त भार टाका असं मी म्हणालो. झडप उघडा, असं मीच लिहिलं. तुमचं मशीन सुटलं ते तुमच्यामुळे नाही. मी ढकललं म्हणून सुटलं. आणि तक्रार मी केली, आणि केली नाही असं भासवलं. मला माझीच लाज वाटते. मेहुणीला तोंड कसं दाखवू कळत नाही.

पण राग फक्त स्वतःवर आहे असं समजू नका. माझ्या मीटरच्या काचेवर चिठ्ठी आहे, ‘तपासले, ठीक’. ती खरवडली तर खाली गेल्या वर्षीची, तिच्याखाली त्याच्या आधीची, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. मीटर उलटं केलं तर पाठीवरचं कारखान्याचं लाखेचं सील अजून अखंड! वीस वर्षांत एकाही माणसाने ते उघडलेलं नाही. बसने यायचं, चहा प्यायचा, चिठ्ठी चिकटवायची, बसने जायचं. आणि त्या चिठ्ठीच्या जोरावर एका तरुण माणसाला घराबाहेर काढायचं! माझं डोकं नुसतं भणभणतंय.

तक्रार मागे घ्यायला हेड ऑफिसात गेलो होतो. कारकून म्हणाला, आवक झालेलं पत्र परत जात नाही. म्हटलं, मग माणूस तर आत जाऊ शकतो? चौकशीला मी येतोय. तिन्ही मीटर घेऊन येतोय. थिएटरवाला पण येतो म्हणालाय, त्याला आवरतोय.

थोरला साडू

*

वरचं पॉवर हाउस,
२७ मार्च

थोरले साडूबुवा,

चौकशीत तुम्ही जे बोललात त्याबद्दल आभार मानायचे होते, पण तुम्ही मीटर काखोटीला मारून असे तणतणत बाहेर पडलात की गाठ पडली नाही. टेबलावर तिन्ही मीटर मांडून तुम्ही चौकशी करणाऱ्या साहेबांना समजावलंत तसं मला कॉलेजात कुणी समजावलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, ‘मग दोषी कोण?’ तुम्ही म्हणालात, ‘मीटर.’ त्यावर साहेब काय म्हणाले ते मी जन्मभर विसरणार नाही. ‘मीटरवर कारवाई करता येत नाही.’

तुम्ही गेल्यावर मला पुन्हा आत बोलावलं. हे तुम्हाला माहीत नाही म्हणून लिहितोय.

दार लावून घेतलं. माझ्यासाठी चहा मागवला. इतके दिवस उभं ठेवणारे लोक, एकदम खुर्ची दिली. मीटर तपासणीचं खातं त्याच साहेबांच्या हाताखाली येतं, हे मला तिथे कळलं. साहेब म्हणाले, तुमच्यावरचा आरोप मागे घेतो. कायम झाल्याचं पत्र टाइप होऊन तयार आहे. ते खरंच तयार होतं, माझ्यासमोर ठेवलं, माझं नाव बरोबर लिहिलेलं. फक्त एक करा म्हणाले. दुसऱ्या एका कागदावर सही करा. तोही तयार होता. ‘खालच्या पॉवर हाउसच्या प्रमुखांनी वारंवार सूचना मिळूनही हेतुपुरस्सर फील्ड वाढवून ठेवले.’ म्हणजे मीटर चांगलं, चिठ्ठी चांगली, खातं चांगलं, साहेब चांगले, आणि नालायक एकटे तुम्ही. वर म्हणतात कसे, ‘त्यांनी तुमच्याविरुद्ध लिहिलंच होतं, फिट्टंफाट होईल. नाहीतरी ते दोन वर्षांत निवृत्त होतील. पेन्शनचं काय ते बघू.’

पेन्शनचं काय ते बघू! चहाचा घोट घेत घेत म्हणाले!

तुमच्यावर माझा राग नाही असं समजू नका. आहे, आणि चांगला दणदणीत आहे. तुम्ही माझ्याविरुद्ध लिहिलंत तेव्हा तुम्हाला ते खरं वाटत होतं. तुम्ही चुकलात, पण खरं समजून चुकलात. हा कागद खोटा आहे हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, टाइप करणाऱ्यालाही माहीत असेल. तुमच्याशी भांडायचं ते मी भांडेन, माझ्या तोंडाने भांडेन. माझं भांडण त्यांनी टाइप करून द्यायचं कारण नाही.

सही केली नाही. चहाही तसाच ठेवला. घरी येऊन हिला सांगितलं, वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, ‘केली असतीत तर मी ताईला काय तोंड दाखवलं असतं?’ आणि माळ्यावरून ट्रंक काढायला लागली. तिला चढू दिलं नाही, मीच काढली.

किल्ली शनिवारी द्यायची आहे. नवी जागा मिळेपर्यंत तुमची मागची खोली मिळेल का? ही सातव्यात आहे, आणि माझ्या हातात आज काही नाही. हे लिहिताना मला लाज वाटत नाही, राग येतोय. त्यामुळे अक्षर असं आलंय.

धाकटा साडू

*

खालचं पॉवर हाउस,
३० मार्च

साडूभाऊ,

तुम्ही शुद्ध मूर्ख आहात! सही करायची होती! माझं काय जाणार होतं? दोन वर्षं? दोन वर्षं मी कशीही काढली असती, बोर्डासमोर काढली काय आणि घराच्या पायरीवर काढली काय. तुमचं आख्खं आयुष्य समोर आहे, मूल यायचंय, आणि तुम्ही तत्त्वाच्या गोष्टी सांगत टाइप केलेली नोकरी टेबलावर सोडून येता? मला विचारायचं होतं. फोन करायचा होता. मी तिथल्या तिथे तुमचा हात धरून सही करवली असती.

इथवर लिहिलेलं मी तुमच्या ताईंना वाचून दाखवायला घेतलं. तिसऱ्या ओळीवर कागद त्यांच्या हातात दिला. पुढचं त्यांनी वाचलं. त्या म्हणतात की मी जे वर लिहिलंय त्यातलं एक अक्षर मला खरं वाटत नाही. असेलही.

त्या साहेबाला मी आज लिहिलंय. तुमच्यावरचा आरोप खोटा आहे, मीटर खोटं आहे, चिठ्ठ्या खोट्या आहेत, आणि तुमच्याकडून मागितलेला कागद खोटा आहे, असं सगळं लिहून खाली सही केलीय. पेन्शनचं काय ते बघा असंही लिहिलंय. एक प्रत त्याच्या वरच्याला, एक त्याच्याही वरच्याला. आवक झालेलं पत्र परत जात नाही म्हणतात ना, नका देऊ परत. आता बसू दे त्यांना ते पत्र मांडीवर घेऊन. तुमच्या सहीची जागा शेजारी मोकळी ठेवलीय. आल्यावर करा. या कागदावर तरी करा.

मागची खोली रिकामी केली. भिंतींना चुना दिला, वास जाईल दोन दिवसांत, नाही गेला तर खिडकी उघडी ठेवा. खाट माझी आहे, करकरते, तक्रार करू नका. पाळण्याला हुक छतात ठोकलाय. सुताराने ठोकला, पण लोंबकळून मी स्वतः पाहिलंय.

शनिवारी तुमची बस येते तेव्हा मी थांब्यावर असेन. तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. मेहुणीची माफी मागायची आहे, ती मागीन. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही, पाठ धरेल. ट्रंक मी उचलीन.

थोरला साडू